ड्रॅग आधी, काठी नंतर : मोठ्या कुप्यासाठी रॉड निवडताना

मोठ्या माशासाठी रॉड घ्यायला गेलात की दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, किती किलोच्या माशासाठी हवाय? गिऱ्हाईकही उत्साहाने आकडा सांगतं : पन्नास, ऐंशी, शंभर. मग भिंतीवरची सर्वांत जाड, सर्वांत जड काठी खाली उतरते आणि पुढची काही वर्षं ती घराच्या कोपऱ्यात उभी राहते. कारण हा प्रश्नच चुकीच्या जागेवरून सुरू होतो. काठी माशाचं वजन पेलत नाही. ती दोऱ्यातला ताण पेलते. तो ताण किती असावा हे रिळाचा ड्रॅग, म्हणजे सुटणाऱ्या दोऱ्याला आवरणारा ब्रेक, ठरवतो आणि किती ताण सोसता येईल हे तुम्ही कशावर, कसे उभे आहात यावर अवलंबून असतं. या लेखात मी सगळा प्रश्न याच अंगाने तपासणार आहे. मला वाटतं, भारी काठीबद्दलचे बहुतेक वाद हा क्रम उलटा लावल्यामुळे होतात.

मी हे कोळवण खोऱ्यातून लिहितो आहे, समुद्रकाठावरून नाही. त्याचा एक फायदा आहे. इथून तिन्ही प्रकारची पाणी जवळ आहेत. दाराशी वळकी नदी आणि हाडशी, वाळेणची छोटी धरणं. डोंगराच्या एका अंगाला मुळशीचा जलाशय, दुसऱ्या अंगाला तिकोन्यापलीकडे पवना. आणि ताम्हिणी घाट उतरून माणगावला पोचलं की पुढे दिघी, मुरूड, हर्णै. ओढ्याच्या काठावर बांबूला तंगूस बांधून गळ टाकणारा पोरगा आणि अंदमानला जाऊन कुप्याशी (ट्यूनाशी) झुंजण्याची स्वप्नं पाहणारा त्याचा थोरला भाऊ या खोऱ्यात एकाच घरात सापडतात. दोघांचा प्रश्न वरवर एकच असतो, काठी कोणती? पण उत्तरं इतकी वेगळी आहेत की एकाला दिलेला सल्ला दुसऱ्याचं नुकसान करतो.

आधी घरच्या मोठ्या माशाबद्दल बोलू. मुळा-मुठेच्या पाण्याला महाशीर नवा नाही. कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं प्रसिद्ध केली. त्यांत ज्या महाशीराला त्यांनी ‘खुद्री’ हे नाव दिलं, त्याचा नमुना पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतच मिळाला होता. निळसर पंखांचा हा मासा शास्त्राला पहिल्यांदा माहीत झाला तो आपल्या नदीतून. पुढे नद्यांवर धरणं झाली, अंडी घालायला वर चढण्याच्या वाटा तुटल्या, आणि जिथे धरणं बांधली गेली तिथेच महाशीर वाचवण्याचं कामही उभं राहिलं. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या उबवणी केंद्रात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून महाशीराचं कृत्रिम प्रजनन सुरू झालं. डॉ. चं. वि. कुलकर्णी आणि शशांक ओगले ही त्या कामातली ठळक नावं. तिथली बीजं देशभर गेली. त्याची एक दुखरी बाजूही आहे. कावेरीत सोडलेल्या निळ्या पंखांच्या महाशीराने तिथल्या मूळच्या, पाठीला उंचवटा असलेल्या महाशीराची जागा घेतली, आणि तो मूळचा मासा आज नामशेष होण्याच्या काठावर आहे. चांगल्या हेतूने सोडलेला मासाही चुकीच्या नदीत गेला तर काय होतं, हे गळ टाकणाऱ्या प्रत्येकाने माहीत करून घ्यायला हवं.

महाशीराची काठी म्हणजे काठावर उभं राहून वापरायची काठी. मासा गळाला लागला की प्रवाहाच्या दिशेने सुसाट निघतो आणि खडकांच्या कपारी शोधतो. त्यामुळे दोरा खडकांवरून उचलून धरणं हे काठीचं मुख्य काम होतं. म्हणून लांबी लागते, पावणेतीन ते सव्वातीन मीटर. ताण मात्र त्या मानाने फार नसतो. वीस किलोच्या दोऱ्यावर पाच-सहा किलोंचा ड्रॅग म्हणजे नदीवर पुष्कळ झाला. १९४६ च्या मार्चमध्ये म्हैसूरजवळ काबिनीवर जे. डी वेट व्हॅन इंगेन यांनी १२० पौंडांचा, म्हणजे साधारण ५४ किलोंचा महाशीर काढला. तो आकडा आजही आदराने सांगितला जातो. पण तो मासाही नदीतच होता, त्याच्या पाठीमागे गळ टाकणारा काठाकाठाने पळू शकत होता आणि खाली एक हजार मीटर खोल पाणी नव्हतं. महाशीरासाठी घेतलेली लांब, लवचीक काठी घेऊन कुणी बोटीवर गेला तर मोठा कुपा त्याचे हात पंधरा मिनिटांत निकामी करील. उलट कुप्याची आखूड दांडगी काठी नदीवर नेली तर पहिल्याच खडकावर दोरा घासून तुटेल.

पवना-मुळशीच्या बाजूला रोहू, कटला यांच्यासाठी तर याहून हलकं सामान पुरतं. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी : जलाशय कुणाच्या तरी ताब्यात असतात. मुळशीचं पाणी टाटांच्या वीज प्रकल्पाचं आहे, आणि राज्यातल्या इतर अनेक जलाशयांची मासेमारी मत्स्यव्यवसाय विभाग सहकारी संस्थांना ठेक्याने देतो. परवानगी विचारल्याशिवाय गळ टाकणं म्हणजे त्या संस्थेच्या कोळ्याच्या ताटातलं घेणं आहे. मुंबईत पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनने सदस्यत्व आणि नियमांची शिस्त घालून दिली. आपल्याकडच्या धरणांवर तशी शिस्त आली तर मासा आणि माणूस दोघांचंही भलं होईल.

आता समुद्र. कोकणातल्या बाजारात जो कुपा किंवा गेदर म्हणून मिळतो, तो बहुतेक वेळा काठाजवळचा लहान कुपा असतो, दोन ते पाच किलोंचा. त्याच्या बरोबरीने लांब शेपटीचा कुपा येतो. त्याची जागतिक नोंद पस्तीस किलोंच्या वर आहे, पण आपल्या किनाऱ्यावर तो हाताला लागतो तेव्हा सहसा त्याहून बराच लहान असतो. खरा मोठा कुपा, म्हणजे पिवळ्या पंखांचा, खोल पाण्यातला मासा आहे आणि महाराष्ट्राचा किनारा त्याच्यासाठी अवघड आहे. कारण समुद्राखालची उथळ भूखंडमंच नावाची पायरी मुंबईसमोर सुमारे तीनशे किलोमीटर रुंद आहे. दक्षिणेकडे ती अरुंद होत जाते, तरी खोल पाणी काही तासाभरात गाठता येत नाही. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभर किलोमीटरहून दूर आंग्रिया बँक नावाचं प्रवाळाचं बुडालेलं पठार आहे. कान्होजी आंग्र्यांचं नाव मिरवणाऱ्या या पठाराचा माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर आहे, आणि कडेला तळ एकदम शेकडो मीटर खाली जातो. अशा कड्यावर खोल पाण्यातले मासे चरायला येतात. महाराष्ट्राच्या पाण्यात दूर पल्ल्याच्या फेरीची कल्पना करायची तर ती इथेच. पण १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी, त्याआधी-नंतरचा खवळलेला समुद्र, आणि इतक्या दूर रात्र काढण्याजोग्या बोटी यांचा हिशेब मांडला की मोजके आठवडेच हाती राहतात. तांडेलाला पैसे देऊन बोट मिळेलही. पण ती मासळी पकडायची बोट असते, काठीने झुंजायची नव्हे. तिच्या कठड्याची उंची कमरेच्या कितीतरी खाली असते, आणि या कठड्याचं महत्त्व पुढे येणारच आहे.

म्हणून पुण्या-मुंबईतला हौशी माणूस मोठ्या कुप्यासाठी अंदमानला जातो. श्री विजयपुरम किंवा स्वराज द्वीपला उतरून बोटीने बाहेर पडलं की तळ लवकर खोल जातो. तिथे जायंट ट्रेवॅली, कुत्र्यासारख्या दातांचा डॉगटूथ कुपा आणि पिवळ्या पंखांचा कुपा असे तिन्ही भेटतात. गंमत म्हणजे या तिघांनाही वेगवेगळ्या काठ्या लागतात, आणि एकाच काठीत सगळं बसवण्याच्या नादात सर्वांत जास्त पैसे वाया जातात. ट्रेवॅलीसाठी पृष्ठभागावर मोठा पॉपर (पाण्यावर उसळणारं नकली आमिष) फेकावा लागतो. म्हणून साडेसात ते आठ फुटांची, टोकाला नरम आणि बुडाला ताठ अशी काठी लागते. डॉगटूथ कुपा प्रवाळाच्या खडकात घुसतो, त्याला पहिल्या अर्ध्या मिनिटातच थांबवावं लागतं. तिथे साडेपाच फुटांची आखूड जिगिंग काठी बरी. पिवळ्या पंखांचा कुपा मात्र खडकाकडे जात नाही. तो सरळ खाली जातो, आणि खालीच राहतो.

कुपा इतका वेगळा का, हे समजलं की काठीचं गणित आपोआप उलगडतं. बहुतेक मासे थंड रक्ताचे. कुप्याच्या स्नायूंभोवती मात्र बारीक रक्तवाहिन्यांची अशी जाळी असते की बाहेर जाणारं गरम रक्त आत येणाऱ्या थंड रक्ताला ऊब देतं. त्यामुळे त्याचं शरीर भोवतालच्या पाण्यापेक्षा गरम राहतं आणि स्नायू लवकर थकत नाहीत. त्याला कल्ल्यांतून पाणी वाहतं ठेवण्यासाठी सतत पोहावंच लागतं, थांबता येत नाही. पहिली दौड काही मिनिटांची, शे-दोनशे मीटर दोरा नेणारी. त्यात काठीचं काम थोडं आणि ड्रॅगचं जास्त. खरी झुंज नंतरची. मासा बोटीच्या खाली येतो आणि मोठमोठी वर्तुळं घेऊ लागतो. वर्तुळाच्या एका बाजूला तो आपल्याकडे येतो, तेव्हा दोरा मिळतो. दुसऱ्या बाजूला तो दूर जातो, तेव्हा दोरा फक्त धरून ठेवायचा. ही चढाओढ अर्धा तास ते तीन तास चालू शकते. या काळात काठीला एकच काम असतं, उभ्या दोऱ्यावर जड वजन थोडं थोडं वर उचलणं. फेकणं, आमिष नाचवणं, खडक टाळणं यांपैकी काही नाही. सर्व भारी काठ्यांची निवड या एका कामावरून करायला हवी.

इथे आकडे मांडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दोऱ्याच्या तुटण्याच्या ताकदीच्या साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश ड्रॅग ठेवण्याची रीत आहे. म्हणजे पंचेचाळीस किलोच्या, शंभर पौंडी दोऱ्यावर अकरा ते पंधरा किलो. समजा ड्रॅग पंधरा किलो आहे. आपण उभे आहोत, काठीचं बूड कमरेच्या पट्ट्यातल्या खाचेत रोवलेलं आहे आणि डावा हात बुडापासून साठ सेंटिमीटरवर आहे. काठी साडेसात फुटांची असेल आणि वाकल्यावर दोरा कमरेपासून दीड मीटर पुढे लटकत असेल, तर डाव्या हातावर येणारा भार सुमारे साडेसदतीस किलो. तीच काठी साडेपाच फुटांची घेतली आणि दोरा एक मीटरवर आला, तर भार पंचवीस किलो. मासा तोच, ड्रॅग तोच. नुसत्या लांबीमुळे हातावर साडेबारा किलोंचा फरक. पुण्यातल्या धडधाकट तरुणाने पंचवीस किलोंचं पोतं एका हाताने किती वेळ धरता येतं ते घरी करून पाहावं. म्हणूनच उभ्याने लढायच्या काठ्या आखूड असतात आणि म्हणूनच पाठीवर-कमरेवर बांधायचा पट्टा रिळाला अडकवून भार हातावरून काढून घेतात.

आता तीच लांब काठी बोटीच्या कठड्यावर टेकवू. कठड्याच्या पुढे दोऱ्याचं अंतर सत्तर सेंटिमीटर, मागे बुडापर्यंत नव्वद सेंटिमीटर. मग बूड खाली दाबायला लागणारा जोर जेमतेम बारा किलो, आणि तोही अंगाच्या वजनाने लावता येतो. बाकी सगळा भार कठडा घेतो. पहार लावून दगड उचलणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. उभ्याने जी लांबी शत्रू होती, ती कठड्यावर टेकवल्यावर मित्र होते, कारण आता लांब बूड आपल्या बाजूला असतं.

कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगो बंदरातल्या लोकांनी हे तंत्र पूर्णत्वाला नेलं. तिथून १९६० आणि ७० च्या दशकांपासून दक्षिणेकडे मेक्सिकोच्या दिशेने आठ-दहा-सोळा दिवसांच्या फेऱ्या निघू लागल्या. रेव्हियाहिहेदो बेटांचा समूह, हरिकेन बँक, अलिहोस खडक ही त्या फेऱ्यांची ठिकाणं. बोटीवर वीस-पंचवीस माणसं खांद्याला खांदा लावून कठड्याशी उभी असतात. एकाला मासा लागला की बाकीच्यांनी दोरे वर-खाली करत त्याला वाट द्यायची. अशा गर्दीत खुर्चीत बसून लढता येत नाही, बोट माशामागे पळवता येत नाही. म्हणून तिथे साडेसात फुटांची, कठड्यावर टेकवायची काठी घडली. पुढची मूठ खूप लांब, कारण कठड्यावर काठी घासू नये. बूड ताठ, मधला भाग जोर देणारा, टोक जिवंत सार्डिन फेकण्याइतपत नरम. रीळ दोन गिअरचं. पहिली दौड वेगवान गिअरने आवरायची आणि वर्तुळं सुरू झाली की हळू गिअरवर टाकून एक-एक फेरा गुंडाळायचा. बोट डुलते तेव्हा वर जाणारा कठडाच मासा उचलतो, आणि खाली येताना आपण दोरा गुंडाळतो.

तिथल्या आकड्यांची भूक कशी वाढत गेली तेही पाहण्यासारखं आहे. १९७७ मध्ये कर्ट वीझनहटर यांनी सॅन बेनेदिक्तो बेटाजवळ १७६ किलोंचा पिवळ्या पंखांचा कुपा काढला आणि तो विक्रम तीन दशकांहून अधिक काळ टिकला. २०१० मध्ये माइक लिव्हिंगस्टन यांनी दूर पल्ल्याच्या बोटीवर ४०५ पौंडांचा, म्हणजे जवळजवळ १८४ किलोंचा मासा काढला. २०१२ मध्ये काबो सान लुकासजवळ गाय योकम यांचा १९३.६८ किलोंचा मासा विक्रम म्हणून नोंदवला गेला. हे विक्रम नोंदवणारी संस्था, म्हणजे १९३९ मध्ये स्थापन झालेली इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन. तिच्या नियमात झुंज चालू असताना काठी कठड्यावर टेकवता येत नाही, आणि दुसऱ्या कुणी काठीला किंवा दोऱ्याला हातही लावता कामा नये. म्हणजे ज्यांना विक्रम हवा त्यांनी कठड्याची काठी घेऊच नये, आणि ज्यांना मासा हवा त्यांनी ती घ्यावी. ही निवड घरातून निघण्याआधीच करायची असते. आपल्याकडून अंदमानला जाणाऱ्यांपैकी विक्रमासाठी जाणारे क्वचितच. तरीही दुकानात त्यांना विक्रमी वर्गांच्या नावानेच काठ्या विकल्या जातात.

मी पुन्हा पुन्हा हेच म्हणतो की काठी घेण्याआधी बोटीच्या मालकाला विचारा, कठडा आहे का, कमरेइतका उंच आहे का, त्यावर रबर किंवा लाकडी पट्टी आहे का? अंदमानातल्या बऱ्याच खेळाच्या बोटी लहान, वेगवान आणि खालच्या कडेच्या असतात. त्यांवर साडेसात फुटी कठड्याची काठी ही नुसती अडचण. तिथे साडेपाच ते सहा फुटांची, पट्ट्यावर लढायची काठी योग्य. बोट जर मोठी, दोन-तीन रात्री बाहेर राहणारी आणि उंच कठड्याची असेल, तर उत्तर उलटं. माशाचं वजन दोन्हीकडे तेच असू शकतं.

आता काठीवर छापलेले आकडे. ‘८०–१३०’ असं लिहिलं असेल तर तो दोऱ्याचा पौंडातला वर्ग आहे, माशाचा नव्हे. आणि हा वर्ग ठरवण्याची सर्व कंपन्यांना बांधील अशी कुठलीही एक पद्धत नाही. एका कंपनीची ‘जास्त भारी’ ही दुसऱ्या कंपनीची ‘भारी’ निघते. म्हणून मोजून घ्यायचं. रिळावर दोरा भरा, तो काठीच्या कड्यांतून ओवा, टोकाला स्प्रिंगचा ताणकाटा बांधा, काटा एखाद्या आंब्याच्या बुंध्याला पक्का अडकवा आणि काठी पंचेचाळीस अंशांत धरून ओढा. बारा-पंधरा किलोंवर काठीचं टोक सरळ दोऱ्याच्या रेषेत आलं आणि ताकद मधल्या-खालच्या भागातून येऊ लागली, तर ती त्या ड्रॅगची काठी. पंधरा किलोंवरही नुसतं टोकच वाकत असेल तर ती तुमच्यासाठी फार ताठ आहे, ती जोर तुमच्या पाठीकडून घेईल. बुडापर्यंत वाकून मूठ डुगडुगत असेल तर ती नरम आहे. ही चाचणी अंगणात होते, पैसे लागत नाहीत, आणि तिच्यातून जितकं कळतं तितकं कुठल्याही कॅटलॉगमधून कळत नाही. ओढताना काठी सत्तर अंशांपेक्षा उभी करू नका. तसं केलं की सगळा भार टोकाच्या काही इंचांवर येतो. बोटीवर मोडणाऱ्या काठ्यांपैकी फार मोठा वाटा या उभं धरण्यामुळे मोडतो, आणि दोष काठीला दिला जातो.

साहित्याबद्दल माझं मत ठाम आहे. काचतंतूची काठी जड असते, पण तिला आपटणं, घासणं, उन्हात पडणं सोसतं. कार्बनची काठी हलकी आणि चपळ, पण कठड्यावर पडलेला एखादा बारीक ओरखडाही तिला पुढच्या मोठ्या ताणात फोडू शकतो. दोन्ही मिसळून केलेल्या काठ्या आता सर्वत्र मिळतात. पहिली भारी काठी घेणाऱ्याने त्याच घ्याव्यात. दिवसभर फेकत राहायचं असेल तर वजन महत्त्वाचं, पण कुप्यासाठी काठी बहुतेक वेळ उभी असते किंवा टेकलेली असते, मग दोनशे ग्रॅमचा फरक कशाला मोजायचा?

कड्यांचा प्रश्नही असाच जुन्या सवयीत अडकलेला आहे. फिरत्या चाकांची कडी जाड नायलॉन दोऱ्याच्या काळात फार उपयोगी होती, आणि ओढत चालणाऱ्या आमिषाच्या मासेमारीत आजही आहे. आता रिळावर विणलेला बारीक दोरा आला. खाऱ्या पाण्याने एखादं चाक अडकलं किंवा कडेने फट पडली की तो दोरा तिथे कापला जातो. आतून सिरॅमिक असलेली साधी कडी बरी. आणखी एक जोडणी मला फार आवडते : कडी मुठीजवळ वर सुरू होऊन हळूहळू वळत टोकाला खाली येतात. वर बसवलेल्या कड्यांमुळे ताणाखाली काठी हातात पिळवटते, या वळणाने ती पिळवट जाते. तासाभराच्या झुंजीत मनगटाला त्याचा फरक जाणवतो.

एवढं सगळं वाचून वाटेल की रिळाशिवाय कुपा निघतच नाही. पण लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर पिढ्यान्‌पिढ्या नुसत्या दांड्याने कुपा काढला जातो. बोटीतून जिवंत बारीक मासे फेकून कुप्याचा थवा बोटीच्या मागे उकळवायचा आणि दांड्याला बांधलेल्या आखूड दोऱ्यावर, काट्याला उलटं नख नसलेल्या गळाने एकेक मासा उडवून डेकवर आणायचा. रीळ नाही, ड्रॅग नाही. मासा बहुधा दोन-पाच किलोंचा, पट्टेरी कुपा. तिथे ताकद शून्य ते पूर्ण अशी एका झटक्यात लागते, म्हणून दांडा ताठ हवा. सॅन दिएगोच्या व्यापारी बोटींवरही पूर्वी असेच बांबूचे दांडे होते. मासा मोठा आला तर दोन, तीन, कधी चार माणसं आपापल्या दांड्याचे दोरे एकाच गळाला बांधून एकत्र झटका देत. म्हणजे ड्रॅगचं काम माणसांची संख्या वाढवून केलं जाई. १९५० च्या दशकाच्या शेवटी यंत्राने ओढायची मोठी जाळी आली आणि हे दांडे संपले. लक्षद्वीपमध्ये ती पद्धत अजून टिकून आहे, आणि जगभरच्या मासळी बाजारात तिला मान आहे, कारण त्यात कासव, डॉल्फिन जवळजवळ अडकत नाहीत. आपल्या कोकणातल्या हौशी मंडळींनी एकदा तरी तो दांडा हातात घेऊन पाहावा. काठीचं वजन हे तंत्रातून येतं, माशातून नाही, हे तिथे सर्वांत स्पष्ट दिसतं.

कोळवण-पौडच्या माणसाच्या व्यवहारी अडचणी वेगळ्या. एकसंध साडेसात फुटी काठी विमानात न्यायची तर जादा लांबीचं सामान म्हणून वेगळी चौकशी करावी लागते, आणि पुण्याहून जाताना मध्ये विमान बदलावं लागतं. बूड सुटं होणारी काठी घ्यावी. मधून दोन तुकडे होणाऱ्या काठ्यांचा सांधा पंधरा-वीस किलोंच्या ड्रॅगवर मला खात्रीचा वाटत नाही. बुडाचा सांधा मात्र धातूच्या सॉकेटमध्ये असतो आणि टिकतो. जाड प्लॅस्टिकच्या पाइपला दोन्ही बाजूंनी टोपण बसवून केलेली पेटी कुठल्याही महागड्या पिशवीपेक्षा बरी. पावसाळ्यात मुळशीचं दमट हवामान रिळाच्या बेअरिंगला खातं. समुद्रावरून आल्यावर गोड्या पाण्याने हलकेच धुऊन, ड्रॅग पूर्ण ढिला करून ठेवायचा. ताणलेला ड्रॅग महिनोन्‌महिने तसाच ठेवला की चकत्या दबतात आणि पुढच्या वेळी तो झटके देत सुटतो.

आणखी एक गोष्ट जिव्हाळ्याने सांगायची आहे. भारी काठी हा मोठेपणाचा नव्हे, माशाबद्दलच्या सभ्यतेचा भाग आहे. हलक्या सामानावर कुप्याला तीन तास लढवून सोडलं, तर तो पोहत जातो खरा, पण स्नायूंत साचलेल्या आम्लाने आणि तापलेल्या शरीराने पुढे जगेलच असं नाही. योग्य ड्रॅग, योग्य काठी आणि योग्य बैठक असेल तर तीच झुंज बऱ्याच कमी वेळात संपते. महाशीराच्या बाबतीत तर हे शंभरपटीने खरं आहे, कारण तो मासा आपल्या नदीत पुन्हा आणण्यासाठी लोकांनी आयुष्य घातलं आहे.

पैसे बेताचे असतील तर क्रम माझ्या मते असा. आधी दोन गिअरचं, ड्रॅग सरळ आणि गुळगुळीत सुटणारं रीळ, कारण खरा भार त्याच्यावर येतो. मग चांगला कमरेचा पट्टा. मग दोरा. काठी सर्वांत शेवटी, आणि तीही पहिल्या फेरीत बोटीवाल्याची भाड्याने वापरून पाहून. अंदमानात बऱ्याच ठिकाणी ती मिळते. परत आल्यावर हात, पाठ आणि ताणकाटा यांचा कौल घ्यायचा आणि मग ठरवायचं, साडेपाच फूट की साडेसात, काचतंतू की मिश्र, सरळ कडी की वळवलेली. ज्यांना वर्षातून एकदाच समुद्रावर जायचं आहे आणि उरलेले महिने वळकीच्या आणि पवनेच्या काठावर, त्यांनी पहिले पैसे नदीच्या काठीवरच घालावेत.